सातदेवळीला उतरायचं कुठं?

कुणाला तंबाखूची सवय असते, कुणाला पेपरातलं शब्दकोडं थेट पेनानं सोडवायची. काकासाहेब ठोंबऱ्यांना गाव विचारायची सवय होती. समोर माणूस आला की "गाव कोणतं आपलं?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून शिंकेसारखा बाहेर पडायचा. गाव कळलं की तालुका, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि पाचव्या मिनिटाला समोरचा माणूस त्यांचा कुणीतरी निघालेला असायचा. वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळताना त्यांनी ट्रक ड्रायव्हर, ऑडिटर, आणि एकदा तर आग विझवायला आलेल्या बंबावरचा जवानसुद्धा सोयरा म्हणून शोधून काढला होता. आग मोठी नव्हती म्हणून निभावलं.

या सवयीचा खरा भार मात्र त्यांच्या पत्नीवर, दीपमालाबाईंवर पडत आला होता. कारण जिथं तिथं सोयरा निघाला की जिथं तिथं मुक्कामाची सोय झालीच. चोवीस वर्षांच्या संसारात ठोंबरे कुटुंब चार वेळा फिरायला गेलं. नाशिकला चुलतमामाकडं उतरले, तिथं दीपमालाबाईंनी वर्षाचे गहू निवडून दिले. तुळजापूरला साडूच्या भावाकडं उतरले, तिथं बाळंतीण होती. शिर्डीला उतरले त्या घरात मोलकरीण नेमकी त्याच दिवशी काम सोडून गेली. कोल्हापूरला तर रंकाळा बघायला गेलेल्या या बाईनं तीन दिवस फक्त मोरी बघितली. आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना काकासाहेब तृप्त चेहऱ्यानं म्हणायचे, "बघ, लॉजवर असलं घरपण मिळालं असतं का?"

एका गुरुवारी संध्याकाळी बजाजनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात दीपमालाबाईंनी भाजीची परात बाजूला सारली आणि जाहीर केलं, "मला सातदेवळीला जायचंय."

सातदेवळी म्हणजे वैजापूरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. वर डोंगरावर सात जुनी हेमाडपंती देवळं पडलेली आहेत. त्यातल्या एकाचा कळस अजून उभा आहे, बाकी सगळे खांब, उंबरे आणि नाक तुटलेल्या मूर्ती. त्यांचा व्हिडिओ शेजारच्या सुकेशनी मॅडमनी, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेनं, दीपमालाबाईंना पाठवला होता आणि त्यांनी तो आठवडाभरात वीसेक वेळा बघितला होता.

"जाऊ की," काकासाहेब म्हणाले. "त्यात काय!"

"एक रात्र राहायचं. पण खोली घेऊन. ज्या घरात मला कुणी ओळखत नाही अशा घरात." दीपमालाबाईंचा आवाज चढला नव्हता, आणि काकासाहेबांना अनुभवानं ठाऊक होतं की तो चढला नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे. "पलंगावरची चादर दुसऱ्यानं घातलेली पाहिजे. आणि सकाळी मला कुणी म्हणू नये, दीपमाला, चहा टाकतेस का. एकदा. आयुष्यात फक्त एकदा."

काकासाहेब "बरं" म्हणाले. म्हणाले, आणि मग त्यांना मावशीची आठवण झाली.

चतुराबाई मावशी, म्हणजे काकासाहेबांच्या आई गोजरबाई यांची धाकटी बहीण, सातदेवळीतच राहायची. सत्तरी उलटलेली, एकटी, एका म्हशीच्या सोबतीनं. तिचं घर नेमकं डोंगराच्या वाटेला. देवळं बघायला जाणारा गोतावळ्यातला प्रत्येक माणूस गेली चाळीस वर्षं तिच्याकडं उतरत आला होता. दुसरीकडं उतरण्याचं धाडस एकट्यानंच केलं होतं: काकासाहेबांच्या मावसभावानं, रामनं. तो वैजापूरच्या लॉजवर राहिला आणि परस्पर देवळं बघून गेला. मावशी सहा वर्षं त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात मिळालेलं लुगडं तिनं घडीसुद्धा न मोडता परत पाठवलं. ही कथा नातेवाइकांत दहशतीनं सांगितली जायची. मावशी गावात असताना लॉजवर उतरणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं.

एकीकडं बायको, दुसरीकडं मावशी. काकासाहेब उठले, बसले, परत उठले. गॅलरीत गेले, वाळत घातलेला टॉवेल काढून पुन्हा तिथंच घातला. गुप्तता हाच एक उपाय होता. मावशीला कळू द्यायचं नाही, म्हणजे कुणालाच कळू द्यायचं नाही. हा निश्चय त्यांनी जवळजवळ वीस मिनिटं पाळला आणि मग ते शेजारच्या कडूबांकडं गेले.

कडूबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातलं प्रत्येक गाव त्यांना तिकिटाच्या टप्प्यानं पाठ होतं.

"लॉज?" कडूबा म्हणाले. "वैजापूरला हाय की स्टँडमागं. मी वस्तीच्या गाडीवर बावीस वर्सं तिथंच ऱ्हायलो."

"कसं आहे?"

"ढेकणं लई. पर वळखीची हायेत."

पलीकडच्या गॅलरीतून दीपमालाबाईंचा आवाज आला, "ओळखीचं काही नको म्हणाले ना मी?" कडूबांनी विषय बदलला. सातदेवळीच्या अलीकडं तलावाच्या काठी सरकारी विश्रामगृह आहे, दोन खोल्या, खानसामा, पाठीमागं सीताफळाची झाडं. साहेब लोक उतरतात. पत्र मिळालं की झालं. "साहेब लोक उतरतात" हे तीन शब्द काकासाहेबांच्या छातीत जाऊन बसले. मावशीला समजा कळलंच, तर 'सरकारी कामाला आलो होतो' म्हणता येईल, असाही एक बारीक विचार त्यांनी केला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते औरंगपुऱ्यात पोचले. स्कूटर लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला. विश्रामगृहाचं पत्र देणारं कार्यालय एका चिंचोळ्या जिन्यावर होतं, आणि जिन्यात बसलेल्या माणसानं सांगितलं की जिना चढायच्या आधी खालच्या दुकानातून अर्जाचा नमुना घ्यायचा असतो, वर मिळत नाही. काकासाहेब खाली गेले, वर आले. अर्जाला दोन फोटो लागतात असं कळलं. पुन्हा खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा टेबलावरचे लिपिक विश्वजीत साळुंके शांतपणे डबा खात होते.

डबा संपल्यावर साळुंक्यांनी अर्ज वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"प्रयोजनात तुम्ही 'पर्यटन' लिहिलंय."

"हो. देवळं बघायची आहेत."

"आमच्या रजिस्टरात पर्यटन नाही. दौरा आहे, पाहणी आहे, निवडणूक आहे आणि टंचाई आहे. यातलं काय?"

काकासाहेबांनी थोडा विचार केला. चोवीस वर्षांच्या संसाराकडं बघता 'टंचाई' लिहिणं अगदीच खोटं ठरलं नसतं. पण त्यांनी 'पाहणी' लिहिलं.

"कशाची पाहणी?"

"देवळांची."

"मग पुरातत्त्ववाल्यांचं ना-हरकत आणा." साळुंक्यांनी अर्ज परत सरकवला. "पाहणी त्यांची, विश्रामगृह आमचं."

इथं काकासाहेबांचा स्वाभिमान दुखावला. तीन वेळा जिना चढलेला माणूस, स्टोअर इन्चार्ज, हाताखाली चार जण. ते ताठ उभे राहिले. आता काहीतरी खरमरीत बोलायचं, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून बाहेर पडलं, "साहेब, गाव कोणतं आपलं?"

साळुंक्यांचा चेहरा उजळला. गाव वैजापूर तालुक्यातलंच निघालं. चहा आला. मामाचं गाव निघालं. तिसऱ्या घोटाला सातदेवळीचा उल्लेख झाला आणि पाचव्या घोटाला साळुंक्यांनी कप खाली ठेवला.

"चतुराबाई? डोंगराच्या वाटेला घर? अहो, ती माझ्या चुलत मेव्हण्याची आत्या लागते!"

"काय सांगता! आणि माझी सख्खी मावशी!" काकासाहेब आनंदानं ओरडले. ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

साळुंक्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "सख्खी मावशी असताना तुम्ही विश्रामगृहात उतरणार?" त्यांनी अर्जाची घडी घातली आणि काकासाहेबांच्या खिशात ठेवली. "नियमाचं सोडा, ना-हरकतीचं मी बघितलं असतं. पण हे पाप मी माझ्या सहीनं करणार नाही, पाव्हणं. उद्या मावशी मला विचारील."

घरी आल्यावर हे सगळं सांगताना काकासाहेबांनी 'बाकी माणूस सोन्यासारखा आहे' असं दोनदा म्हटलं. दीपमालाबाई सुकेशनी मॅडमकडं गेल्या आणि एक नंबर घेऊन आल्या. सातदेवळीच्या पुढं साडेतीन किलोमीटरवर एका बाईंनी शेतात चार खोल्या बांधल्या होत्या. दीपमालाबाईंनी तिथंच उभं राहून फोन लावला. "खोली पाहिजे. उद्या, शनिवारी. दोन माणसं. गरम पाणी आहे का? बरं." फोन बंद झाला. काकासाहेबांनी घड्याळाकडं बघितलं, एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

"गाव नाही विचारलं त्यांचं?"

"मला खोली पाहिजे होती. सोयरीक नव्हती जमवायची." मग त्या त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "हे बघा. उद्या सकाळपासून रविवारी दुपारपर्यंत कुणालाही गाव विचारायचं नाही. कुणालाही. जमेल?"

"म्हणजे काय, मी काय लहान आहे का?" काकासाहेब म्हणाले. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

शनिवारी त्यांची जुनी मारुती बजाजनगरहून निघाली. गंगापूरला चहाच्या टपरीवर चहावाला बोलका निघाला. काकासाहेबांनी बिस्किटाचा अख्खा पुडा तोंडात कोंबला आणि मोह टाळला. वैजापूरला पेट्रोल पंपावरच्या माणसाचा चेहरा थेट त्यांच्या चुलत्यासारखा होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाजार समितीच्या बाजूला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, शंभर एक माणसं, शंभर एक गावं, आणि एकालाही काही विचारायचं नाही! काकासाहेब कधी काच खाली करत, कधी वर करत, आरसा हलवत, सीट मागं घेत. दीपमालाबाई मात्र खिडकीबाहेर बघत गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना काकासाहेबांनी कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना.

खोल्यांकडं जायचा रस्ता सातदेवळी गावातून जात होता, आणि मावशीचं घर बरोबर वळणावर. काकासाहेबांनी तयारी केली होती. तोंडाला मफलर, डोळ्यांना काळा चष्मा, काचा वर. वेग कमी करायचा नाही, हॉर्न वाजवायचा नाही. गाडी मावशीच्या दाराशी आली, आणि समोर कांद्यानं भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी झाली. ट्रॅक्टरवाला खाली उतरून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. मागून दुसरा ट्रॅक्टर येऊन लागला. काकासाहेबांची मारुती बरोबर मावशीच्या ओट्यासमोर अडकली.

ओट्यावर मावशी बसली होती. शेंगा फोडत होती.

एक मिनिट गेलं. दोन गेली. काकासाहेब स्टिअरिंगवर मान खाली घालून बसले होते. तिसऱ्या मिनिटाला ट्रॅक्टरवाला फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आरं, त्यो ठोंबऱ्याचाच माल हाय." ठोंबऱ्याचा! स्वतःचं आडनाव! काकासाहेबांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. दीपमालाबाईंनी त्यांचा दंड धरला. पण तोपर्यंत काच खाली गेली होती, मफलर खाली आला होता आणि अर्धं अंग बाहेर काढून काकासाहेब विचारत होते, "पाव्हणं, ठोंबरे म्हणजे कुठले ठोंबरे? गाव कोणतं?"

शेंगा फोडायच्या थांबल्या.

"कोण बोल्लं?" मावशी उठली. "हा तर काकासाहेब! गोजरीचा काकासाहेब! आरं, दारात येऊन गाडीत काय बसलास? आन् सूनबाई बी हाय की!"

दीपमालाबाईंनी दंड सोडला. त्या गाडीतून उतरल्या, पाया पडल्या, हातपाय धुतले. मावशीनं भाकरीच्या पिठाचा डबा काढला. "तुमी वर जाऊन या देवळाकडं, तवर मी सैपाक करते," असं म्हणत ती चुलीपुढं बसायला लागली, तर गुडघ्यावर हात ठेवून अर्ध्यातच थांबली. आणि दीपमालाबाईंनी, त्यांना कुणी काही म्हटलं नसताना, पदर खोचला.

तो पदर खोचणं काकासाहेबांनी चोवीस वर्षांत हजारदा बघितलं असेल. पण त्या दिवशी त्यांना ते बघवेना. बाईच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. हे असंच होणार हे मला माहीत होतं, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. काकासाहेबांना स्वतःचीच लाज वाटली. ते खाटेवरून उठले, दारापर्यंत गेले, परत आले, आणि लहानपणी आंबे चोरल्याचं कबूल करावं तसे एका दमात बोलले.

"मावशी, आम्ही पुढं खोली घेतली आहे. तुला चुकवून चाललो होतो. हिला एक रात्र कुणाच्याच घरी राहायचं नाही. चूक असली तर माझी आहे. हिला काही बोलू नको. मला रामसारखं टाकलंस तरी चालेल."

दीपमालाबाईंचा हात पिठाच्या डब्यात तसाच राहिला. मावशीनं काकासाहेबांकडं बघितलं, मग सुनेकडं.

"खोलीत पलंग हाय का?" मावशीनं विचारलं.

"आहेत. दोन," दीपमालाबाई म्हणाल्या.

"गरम पाणी?"

"नळाला येतं."

"आन् सैपाक?"

"त्याच करून देतात."

मावशीनं पिठाच्या डब्याला झाकण लावलं. "मला नेता का गं?"

आणि मावशी सुटली. "चाळीस वर्सं झाली. जो येतो त्यो म्हणतो, मावशी, आमी वर जाऊन येतो, तवर भाकऱ्या टाक. तिथं देव नाय, पूजा नाय, म्हून गावातलं बी कुणी जात नाय. त्यो कळस मी गोठ्यातून बघते, तेवढाच. आजपातुर एकानं बी म्हटलं नाय की मावशी, तू बी चल."

"पण मग राम?" काकासाहेबांनी विचारलं. "तो लॉजवर उतरला म्हणून तू सहा वर्षं..."

"त्यो लॉजावर उतरला त्याचा राग नव्हता रं, येड्या," मावशी म्हणाली. "एकटाच उतरला, मला नेलं नाय, त्याचा राग व्हता."

दीपमालाबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि त्या हसल्या. "चला मावशी," त्या म्हणाल्या. "लुगडं घ्या एक सकाळसाठी."

"म्हशीचं काय?" मावशी दारातच थबकली. दोघींनी एकदमच काकासाहेबांकडं बघितलं.

आता कंपनीच्या कँटीनमध्ये दूध पातळ असलं की काकासाहेब नेहमी मोठ्यानं म्हणत, "मला सांगू नका, शेतकऱ्याचं पोर आहे मी." ते वाक्य दीपमालाबाईंना आठवत होतं. त्यांनी नवऱ्याला त्याची आठवण करून दिली.

तर व्यवस्था अशी झाली. काकासाहेबांनी दोघींना खोलीवर सोडलं. दारातून त्यांनी आत डोकावलं: दोन पलंग, पांढऱ्या चादरी, खिडकीतून समोर सात देवळांचा डोंगर. खोल्यांच्या मालकीणबाईंनी आधार कार्ड मागितलं, तीन माणसं दिसली म्हणून चौकशी केली आणि तिसरं माणूस राहणार नाही हे कळल्यावर त्या तिसऱ्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. मावशी पलंगावर बसून हातानं गादी दाबून बघत होती. "येतो मग," काकासाहेब म्हणाले. "सोनीला वैरण टाक," मावशी म्हणाली, "आन् धार काढताना माझं लुगडं गुंडाळ. ती मानूस वळखीत नाय, लुगडं वळखती."

लुगड्याची गोष्ट काकासाहेबांनी अर्थातच थट्टेवारी नेली. संध्याकाळी सोनीनं त्यांना दोनदा बादलीसकट गोठ्याबाहेर काढलं आणि शेवटी शेपटीनं चष्मा उडवला. दूध निघालं नाही. गुपचूप जाऊन चष्मा शोधावा लागला. सकाळी म्हैस हंबरून हंबरून आळी डोक्यावर घ्यायला लागली, तेव्हा स्टोअर इन्चार्ज काकासाहेब ठोंबरे यांनी गोठ्याचं फाटक आतून लावलं, पँटवरूनच हिरवं लुगडं गुंडाळलं आणि सोनी वळून बघायला लागली म्हणून डोक्यावरून पदरही घेतला. सोनीनं हुंगलं आणि पान्हा सोडला. काकासाहेबांना आयुष्यात प्रमोशनचा झाला नव्हता एवढा आनंद झाला.

भरली बादली घेऊन ते तसेच ओट्यावर आले आणि दम खायला टेकले. मान खाली, पदर डोळ्यांपर्यंत. तेवढ्यात एक जीप दारात थांबली. दारं उघडली, माणसं उतरली, आणि काकासाहेबांच्या पायांवर एक डोकं टेकलं.

"मावशी, नमस्कार करतो. मला तुम्ही बघितलं नसेल. मी विश्वजीत साळुंके, तुमच्या भाच्याचा चुलत दाजी. परवा तुमचा दुसरा भाचा कार्यालयात आला होता, तेव्हापासून मनात होतं, सातदेवळीला आपली हक्काची मावशी आहे. ही माझी बायको प्रेरणा. चला रे, पाया पडा सगळे."

एकामागून एक पाच माणसं पाया पडली. काकासाहेबांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मावशी, ऊन वाढायच्या आत आम्ही वर जाऊन येतो," साळुंके म्हणाले. "तवर पिठलं-भाकरीचं बघा. सहा माणसांचं."

पदराआडून काकासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना औरंगपुऱ्याचा तो चिंचोळा जिना आठवला. त्यांनी पदर मागं टाकला. मिशा दिसल्या तशी प्रेरणाताई किंचाळली.

"प्रयोजन काय?" काकासाहेब म्हणाले. "दौरा, पाहणी, निवडणूक की टंचाई?"

"तुम्ही?" साळुंके दोन पावलं मागं सरले. "पाव्हणं, हे... हे लुगडं?"

"म्हशीच्या कामानिमित्त आहे," काकासाहेब म्हणाले आणि उरलीसुरली अब्रू गोळा करून निऱ्या सोडायला लागले. गाठ मात्र सुटेना.

नेमक्या त्याच वेळी डोंगराच्या पायवाटेनं दोघी खाली उतरल्या. सकाळी अंघोळी आटोपून त्या खोलीवरूनच वर गेल्या होत्या. दीपमालाबाईंनी केस धुतले होते. मावशीच्या हातात वाळकं गवत नव्हतं, काटक्या नव्हत्या, काहीसुद्धा नव्हतं. रिकामे हात हलवत ती आली आणि आपल्याच ओट्यावर पाहुण्यासारखी कडेला बसली. नवऱ्याचं लुगड्यातलं रूप बघून दीपमालाबाई पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"झोप लागली का?" काकासाहेबांनी विचारलं.

"मावशींनी दोनदा उठवलं, म्हशीला वैरण घातली असंल का म्हणून. मी म्हटलं, झोपा, आज ती आपली नाही. मग लागली. सात वाजेपर्यंत कुणी हाक मारली नाही हो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आपण पुन्हा जाऊ. दोघंच."

"मावशी, वर काय आहे?" काकासाहेबांनी विचारलं. आल्यापासून त्यांनीही गोठ्यातून कळस तेवढाच बघितला होता.

"दगडं हायेत रं नुसती," मावशी म्हणाली. "पर बसायला लई ग्वाड जागा हाय. तिथून माझं घर एवढुसं दिसतं."

साळुंके पुढं झाले आणि आता खऱ्या पायांवर डोकं टेकवून त्यांनी सगळी वंशावळ पुन्हा सांगितली. मावशीनं ती पूर्ण ऐकून घेतली. "नाय वळखीत बा मी," ती म्हणाली. "पर आलास तर बस. आज सैपाक काकासाहेबाकडं हाय."

प्रेरणाताई एवढा वेळ दीपमालाबाईंच्या धुतलेल्या केसांकडं बघत होती. ती त्यांच्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली, "ताई, खोली घेतली होती तुम्ही? नंबर आहे का?" दीपमालाबाईंनी फोन काढला आणि नंबर दिला. प्रेरणाताईनं तो नावासकट जपून ठेवला. मग उठून चपला घातल्या आणि पोरांना हाका मारल्या. "अहो," ती साळुंक्यांना म्हणाली, "आम्ही वर जाऊन येतो. तवर तुम्ही यांना भाकऱ्यांना हात लावा."

आणि ती वर गेलीसुद्धा.

तर आत चुलीपुढं एक स्टोअर इन्चार्ज आणि एक लिपिक बसले होते. चूल पेटत नव्हती. धुरानं दोघांचे डोळे लाल झाले होते. साळुंक्यांनी परातीतल्या पिठाकडं अर्जासारखं निरखून बघितलं आणि विचारलं, "पाव्हणं, भाकरी येते का तुम्हाला?"

"शेतकऱ्याचं पोर आहे मी," काकासाहेब म्हणाले, पण या वेळी अगदी हळू आवाजात.

बाहेरून दीपमालाबाईंची हाक आली. "अहो, चहा टाकता का?"

काकासाहेबांनी फुंकणी खाली ठेवली, लुगड्याला हात पुसले आणि सोनीच्या दुधाचं पातेलं उचललं. "टाकतो की," ते म्हणाले.

"साखर जपून रं," ओट्यावरून मावशी ओरडली. "पाव्हणी झाले म्हून काय झालं, साखर माझीच हाय!"